स्मार्टफोनवरचे निरोप : कोणते ॲप कशासाठी ठेवावे

पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणारा माणूस आपल्या फोनात व्हॉट्सॲप बहुधा स्वतः टाकत नाही. दुकानातला मुलगा, भाचा किंवा शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी "थांबा, मी टाकून देते" असे म्हणते आणि पाच मिनिटांत ते सुरू होते. त्या पाच मिनिटांत फोन जे तीन-चार प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे मात्र फोनच्या मालकाला न विचारताच दिली जातात. वर्षभराने जुने फोटो कुठे गेले, अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये आपले नाव कसे आले, बँकेचा निरोप नेमका कुठे दिसतो, अशा अडचणी येतात तेव्हा त्यांचे मूळ बरेचदा त्या घाईतच सापडते. हीच पाच मिनिटे स्वतः आणि सावकाश घालवू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

निरोपाचे ॲप एकट्याला निवडता येत नाही, कारण ज्याच्याशी बोलायचे त्याच्याही फोनात ते असावे लागते. म्हणून ॲपच्या गुणांची तुलना करत बसण्याआधी आपली माणसे आणि आपली कामे यांची यादी करावी, आणि कोणते बोलणे कुठे करायचे हे त्या यादीवरून ठरवावे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी : कागदावर यादी करा

एका कागदावर आपल्याला कोणाकोणाचे निरोप येतात आणि आपण कोणाला पाठवतो ते लिहून काढावे. बँक, गॅस एजन्सी, महावितरण, पोस्ट यांचे निरोप एका बाजूला लिहावेत. घरची मंडळी, सोसायटी, भजनी मंडळ किंवा जुने वर्गमित्र दुसऱ्या बाजूला. आणि वैद्यकीय तपासण्या, पैशांचे किंवा जमिनीचे व्यवहार, घरातले नाजूक विषय ज्यांच्याशी बोलायचे अशी दोन-चार माणसे तिसऱ्या बाजूला लिहावीत. परदेशात राहणाऱ्या मुलांचे किंवा नातेवाइकांचे नाव असेल तर त्यापुढे देशाचे नावही लिहावे. त्याचे कारण पुढे येईल. यादीतल्या प्रत्येकाला "तुम्ही काय वापरता?" एवढे विचारून उत्तर नावापुढे टिपून ठेवावे. हा कागद तयार झाला की निम्मी निवड झालेली असते.

दुसरी पायरी : एसएमएस नीट समजून घ्या

एसएमएस ही जुनी, आता टाकून देण्यासारखी गोष्ट आहे असा समज आहे, तो नवख्या माणसाने मनातून काढून टाकावा. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, समोरच्याचा फोन साधा बटणांचा असला तरी चालतो, आणि बँकेचा ओटीपी अजूनही प्रामुख्याने याच मार्गाने येतो. ज्यांना इंटरनेट नकोच आहे त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएस असलेले रिचार्ज उपलब्ध ठेवण्याचे बंधन दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कंपन्यांवर घातले आहे. तेव्हा दुकानदाराने नेटसकटचा महाग पॅक पुढे केला तर असा पॅक स्पष्टपणे मागावा.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठवला गेला आणि त्याचा साचा त्या काळातल्या यंत्रणेला साजेसा होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट (बाइट म्हणजे मजकुराला लागणाऱ्या जागेचे माप) मावतात. इंग्रजी मजकुराची १६० अक्षरे त्यात बसतात, पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेत असल्यामुळे मराठीची केवळ ७० चिन्हे बसतात. येथे काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. "उद्या सकाळी दहा वाजता दवाखान्यात या" हे वाक्य डोळ्यांना लहान दिसते, पण मोकळ्या जागा धरून त्याची ३५ चिन्हे होतात, म्हणजे एका एसएमएसची बरोबर निम्मी जागा जाते. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, ते तुकडे जोडण्याच्या खुणेलाही जागा लागत असल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच मावतात, आणि हिशेबात प्रत्येक तुकडा वेगळा एसएमएस धरला जातो. बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, त्यामुळे रोजच्या कामात याची झळ लागत नाही. मात्र लग्नाचे निमंत्रण दीडशे जणांना मराठीतून एसएमएसने पाठवायचे ठरवले तर तो बेत लगेच कोलमडतो.

एसएमएस कोणाकडून आला हे ओळखणे ही यातली सर्वांत कामाची विद्या आहे. बँका, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांचे अधिकृत एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत; पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचे नोंदणीकृत नाव दिसते. त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर जोडण्याची पद्धत २०२५ पासून लागू झाली आहे: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेचा निरोप, टी म्हणजे व्यवहाराचा आणि जी म्हणजे सरकारी. "बिल भरले नाही म्हणून आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा" असा निरोप एखाद्या साध्या मोबाइल नंबरवरून आला, तर तो खोटा आहे हे त्या नंबरवरूनच कळते. तेथे फोन करण्याऐवजी छापील बिलावरचा क्रमांक वापरावा. अर्थात नाव नोंदणीकृत दिसले म्हणून आतल्या दुव्यावर बोट ठेवावे असाही याचा अर्थ नाही. पैशांशी संबंधित दुवा एसएमएसमधून उघडायचाच नाही, एवढा नियम केला की बराच त्रास वाचतो.

एसएमएसचा मोठा दोष म्हणजे त्याला गुप्ततेचे कवच नाही. तो दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेतून वाचता येईल अशा स्वरूपात जातो. त्यामुळे खात्याचा तपशील किंवा आधारचा क्रमांक कोणालाही एसएमएसने पाठवू नये.

अँड्रॉइड फोनमध्ये एसएमएस बहुधा गुगल मेसेजेस या ॲपमध्ये दिसतात आणि तेथेच आरसीएस नावाची दुसरी सोय बेमालूम मिसळलेली असते. आरसीएसचे निरोप इंटरनेटवरून जातात, त्यांत मोठे फोटो पाठवता येतात, आणि दोन्हीकडे गुगल मेसेजेस असेल तर कुलपाची खूण दिसून मजकूर सुरक्षितही राहतो. तरी नवख्या माणसाचा यामुळे गोंधळ उडतो, कारण आपण एसएमएस पाठवला असे त्याला वाटते आणि समोरच्याचे नेट बंद असल्यामुळे निरोप वाटेतच थांबलेला असतो. शिवाय कंपन्यांच्या चित्रमय जाहिरातीही याच वाटेने येतात. ज्यांना केवळ साधे एसएमएस हवे आहेत त्यांनी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आरसीएस बंद करावे. त्याने काही बिघडत नाही.

तिसरी पायरी : रोजच्या बोलण्यासाठी एक मुख्य ॲप

महाराष्ट्रात आणि गोव्यात हे ॲप बहुतेकांसाठी व्हॉट्सॲपच असेल, आणि यादीचा कागद बहुधा तेच सांगेल. सोसायटीच्या पाणीकपातीची सूचना, शाळेचा गृहपाठ, किराणा दुकानदाराला पाठवायची यादी, इतकेच काय पुणे मेट्रोचे तिकीटही त्यावर मिळते. ते २००९ मध्ये सुरू झाले, २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतले, आणि एप्रिल २०१६ पासून त्यावरच्या सर्व खासगी निरोपांना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन आहे. याचा अर्थ असा की मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनातच उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. मात्र आपण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोललो ही माहिती या कुलपाच्या बाहेर राहते. व्यापारी खात्याला लिहिलेला मजकूर त्या व्यापाऱ्याच्या नोकरांना आणि त्याने नेमलेल्या कंपनीला वाचता येतो, तसेच ॲपमधल्या मेटा एआय या उत्तरे देणाऱ्या यंत्राच्या रंगीत वर्तुळावर बोट ठेवून विचारलेला प्रश्न थेट कंपनीकडेच जातो, हेही लक्षात ठेवावे.

ॲप घेताना ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यावे. कोणी निरोपातून पाठवलेली फाईल उघडून "गुलाबी व्हॉट्सॲप" किंवा "जादा सोयींचे व्हॉट्सॲप" कदापि घेऊ नये. त्यानंतर पहिल्याच दिवशी काही सेटिंग स्वतःच्या हाताने बदलावीत.

सर्वांत आधी 'खाते' या भागात जाऊन दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. येथे सहा आकडी पिन ठरवावा लागतो आणि तो विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून ईमेलचा पत्ताही देता येतो. याचे महत्त्व असे, की "माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आला आहे, जरा सांगता का?" असा निरोप ओळखीच्याच माणसाच्या नावाने येतो, भिडस्त माणूस तो सहा आकडी कोड सांगून मोकळा होतो, आणि त्याचे खाते दुसऱ्याच्या फोनात उघडते. मग त्याच्या नावाने त्याच्या सगळ्या नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. पिन असेल तर केवळ कोड कळून खाते उघडत नाही. कोड मात्र तरीही सांगू नये. फोनवरून कोणी चांदणी आणि ४०१ ने सुरू होणारा क्रमांक डायल करायला सांगितला तर तेही करू नये, कारण त्याने आपले कॉल दुसऱ्याच्या नंबरकडे वळतात आणि कोड सांगणारा कॉलही तिकडेच जातो.

यानंतर 'गोपनीयता' या भागात जावे. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकेल, यासमोर 'सगळे' असते ते बदलून 'माझे संपर्क' करावे. शेअर बाजारात दामदुप्पट करून देणाऱ्या बनावट ग्रुपमध्ये लोक अडकतात त्याची सुरुवात बहुधा येथूनच होते. प्रोफाइलचा फोटो आणि शेवटचे ऑनलाइन असल्याची वेळ हेही संपर्कांपुरतेच ठेवावे, आणि अनोळखी कॉल शांत करण्याची सोय सुरू करावी. असे कॉल यादीत दिसतात, पण फोन वाजत नाही. शेवटी 'स्टोरेज' या भागात जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करावे, नाहीतर दोन दिवाळ्यांच्या शुभेच्छांनी फोन भरून जातो.

ॲपची भाषा मराठी करता येते आणि ती करावी असे मी सुचवेन, कारण सेटिंगचे शब्द कळले तरच माणूस ती बदलायला धजावतो. निरोप लिहिण्यासाठी गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडावी; त्यातल्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोलले की मजकूर देवनागरीत उमटतो. टंकलेखन जमत नाही म्हणून रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय अनेकांना लागते. त्या लिपीत काल, काळ आणि कळ ही तिन्ही एकाच तीन अक्षरांत लिहिली जातात. औषधाच्या वेळा कळवताना असा गोंधळ परवडत नाही.

चौथी पायरी : दुसरे ॲप हवे का, ते ठरवा

यादीच्या तिसऱ्या बाजूला जी दोन-चार नावे आहेत, त्यांच्यासाठी सिग्नलचा विचार करावा. सिग्नल नफा न कमावणाऱ्या संस्थेचे आहे. ही संस्था २०१८ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, हे व्हॉट्सॲपचेही सहसंस्थापक होते, आणि व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनची पद्धतही मुळात सिग्नलचीच आहे. त्यात जाहिराती नाहीत, ते देणग्यांवर चालते, आणि आपण कोणाशी बोलतो याची नोंदही शक्य तितकी कमी ठेवली जाते. २०२४ पासून आपला मोबाइल नंबर समोरच्याला न दाखवता केवळ वापरकर्ता-नावाने बोलण्याची सोयही त्यात आली. खाते उघडताना मात्र नंबर लागतोच.

सिग्नलचा दोष त्याच्या यंत्रणेत नाही, तेथे माणसे नसतात हा त्याचा दोष आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या गोपनीयता धोरणात बदल जाहीर केले तेव्हा लाखो लोकांनी रागारागाने सिग्नल घेतले. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत ते महिन्याभरात ओस पडले, कारण घरातल्या एकानेच ते घेतले होते. जेथे चार भावंडांनी मिळून "आईच्या दवाखान्याचे सगळे कागद आणि बोलणे फक्त इथेच" असे ठरवले, तेथे ते आजही चालते. असा ठराव होत नसेल तर हे ॲप घेऊन उपयोग नाही.

टेलिग्रामची गोष्ट वेगळी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले हे ॲप बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी आणि फाइली मिळवण्यासाठी अधिक उपयोगी आहे. त्यातल्या ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य असू शकतात, चॅनेलला, म्हणजे जेथे चालवणारा लिहितो आणि बाकीचे वाचतात त्या जागेला, सदस्यसंख्येची मर्यादा नाही, आणि दोन जीबीपर्यंतची फाईल पाठवता येते. त्यामुळे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले टिपणांसाठी आणि चालू घडामोडींसाठी टेलिग्रामच्या चॅनेलांवर असतात. मात्र टेलिग्राम सर्वांत गुप्त आहे हा समज चुकीचा आहे. त्यातले नेहमीचे निरोप एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमध्ये नसतात, ते कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या संगणकांवर, साठतात. तसे कवच केवळ 'गुप्त संभाषण' मुद्दाम सुरू केल्यास मिळते, आणि तेही दोघांतच, ग्रुपमध्ये नाही. घरबसल्या व्हिडिओला पसंती देऊन पैसे मिळवण्याच्या कामाचे जाळेही येथे बरेच दिसते: आधी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, आणि मग मोठ्या कामासाठी अनामत मागितली जाते.

चेन्नईच्या झोहो कंपनीचे अरत्ताई हे ॲप २०२१ मध्ये आले आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अचानक घरोघरी पोचले. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ गप्पा असा आहे. स्वदेशी ॲप वापरावे ही इच्छा रास्त आहे, पण त्या लाटेच्या वेळी अरत्ताईवरचे कॉल कुलूपबंद होते आणि लेखी निरोप मात्र तसे नव्हते. म्हणून कोणतेही नवे ॲप घेताना संभाषणाच्या माहितीपानावर एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे का ते स्वतः पाहावे, आणि तो दिसेपर्यंत त्यावर गप्पाच माराव्यात, कागदपत्रे पाठवू नयेत.

नव्या ॲपबाबत आणखी एक सावधगिरी आहे. भारतात २०१२ मध्ये सुरू झालेले आणि तरुणांत लोकप्रिय झालेले हाइक जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. एके काळी मोठ्या हुद्द्याची खूण मानले जाणारे ब्लॅकबेरी मेसेंजर सामान्य ग्राहकांसाठी ३१ मे २०१९ रोजी बंद झाले. ॲप बंद पडते तेव्हा त्यातले फोटो वेळेत काढून घेतले नसतील तर तेही जातात. तेव्हा सातबारा, विम्याचे कागद किंवा नातवाचे पहिले फोटो केवळ कुठल्याशा संभाषणात पडून राहू देऊ नयेत. ते वेगळे साठवावेत.

पाचवी पायरी : परदेशातल्या माणसांपुढचे देशाचे नाव पाहा

अमेरिकेत आयफोनवाले लोक आपापसांत ॲपलच्या आयमेसेजवर बोलतात आणि तिथली मुले अनेकदा व्हॉट्सॲप आई-वडिलांपुरतेच उघडतात. उत्तर उशिरा येते त्याचे कारण एवढेच असू शकते. इथल्या अँड्रॉइड फोनवर आयमेसेज मिळत नाही, आणि परदेशी नंबरावर एसएमएस पाठवल्यास तो रिचार्जमधल्या मोफत एसएमएसमध्ये धरला जात नाही, त्याला आंतरराष्ट्रीय दर लागतो. म्हणून अमेरिकेतल्या मुलांशी बोलायला व्हॉट्सॲप किंवा सिग्नलच बरे. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सॲपवरून निरोप जातात, पण त्यावरून कॉल लागत नाहीत. त्यामुळे तिथल्या नातेवाइकांना त्यांच्याकडे चालणारे कॉलचे ॲप कोणते ते आधी विचारावे. चीनमध्ये व्हॉट्सॲप, सिग्नल आणि टेलिग्राम या तिन्हींवर बंदी आहे.

भारतीय नंबरवर ॲप चालवून परदेशी राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी निरोपांच्या ॲपना असे निर्देश दिले, की ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनात चालू असेल तरच ॲप चालावे. भारतीय सिम डब्यात ठेवून केवळ त्या नंबरचे व्हॉट्सॲप वापरण्याची जी सोय अनेकांनी लावून घेतली आहे, तिच्यावर विसंबून राहू नये.

सहावी पायरी : बॅकअप, नवा फोन आणि जुना नंबर

फोन हरवण्याआधीच ही पायरी करून ठेवावी. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप, म्हणजे संभाषणांची राखीव प्रत, गुगल खात्यात जातो आणि त्या खात्याच्या १५ जीबी मोफत जागेतच तो धरला जातो. म्हणून बॅकअपमधून व्हिडिओ वगळावेत. आयफोनवर तो ॲपलच्या आयक्लाउड या साठवणीत जातो, जेथे मोफत जागा पाचच जीबी असते. बॅकअपला वेगळे कुलूप लावण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे, पण त्याचा पासवर्ड विसरल्यास कंपनीही तो परत देऊ शकत नाही, त्यामुळे तो घरच्या वहीत लिहून ठेवावा. वहीत लिहू नका असे तंत्रज्ञ सांगतात. सत्तरीतल्या माणसाला मी लिहाच असे सांगेन, फक्त ती वही फोनच्या पिशवीत नसावी.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना गुगलमधला हा बॅकअप उपयोगी पडत नाही. ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' या ॲपने, नवा आयफोन सुरू करतानाच संभाषणे हलवावी लागतात. म्हणून जुना फोन त्याआधी दुकानदाराला देऊन टाकू नये. सिग्नलचे निरोपही मुळात फोनातच राहत असल्यामुळे तेथेही दोन्ही फोन हातात असतानाच बदल करावा. टेलिग्रामचे तसे नाही. नव्या फोनात खाते उघडले की नेहमीची संभाषणे सर्व्हरवरून आपोआप दिसू लागतात.

रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत आणि गॅस एजन्सीत नवा नंबर नोंदवावा, आणि व्हॉट्सॲपमध्ये 'नंबर बदला' ही सोय वापरून संभाषणे आणि ग्रुप नव्या नंबरावर न्यावेत.

सातवी पायरी : ग्रुप आणि फॉरवर्ड

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधी फोनांतून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा पुढे गेलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. निरोपावर दोन बाणांची खूण दिसली म्हणजे तो अनेक हातांतून आलेला आहे. असा निरोप माणसांच्या ओळखीविषयी, रोगाविषयी किंवा पैशांविषयी असेल तर तो पुढे पाठवू नये.

सोसायटीच्या ग्रुपचे ॲडमिनपद घ्यायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत असल्याखेरीज, केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. सूचनांपुरत्या ग्रुपमध्ये मात्र 'फक्त ॲडमिन निरोप पाठवू शकतील' असे सेटिंग ठेवावे. गणपतीच्या वर्गणीची सूचना सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जात नाही. निरोप वाचला गेल्याचे दाखवणाऱ्या निळ्या खुणांकडेही दुर्लक्ष करू नये. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुली प्रकरणात नोटीस पोचल्याचे मानताना या खुणांचा आधार घेतला होता, तेव्हा "मी वाचलेच नाही" हे नेहमी चालेल असे नाही.

आठवी पायरी : फसवणूक झालीच तर

पैसे गेले असतील तर लाजून किंवा घरच्यांना काय सांगावे या विचारात वेळ घालवू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी ती गोठवता येणे हेच त्या क्षणी महत्त्वाचे असते. पैसे गेले नसतील, पण फसवा निरोप किंवा कॉल आला असेल, तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या भागात तो कळवता येतो. जाहिरातींच्या एसएमएसचा कंटाळा आला असेल तर १९०९ या क्रमांकावर त्या बंद करण्याची नोंदणी होते. फसवा निरोप रागाने पुसून टाकू नये. आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, मग तो नंबर ब्लॉक करावा.

शेवटची पायरी : महिन्याभराने कागद पुन्हा काढा

महिना झाला की यादीचा कागद काढून कोणते ॲप खरोखर उघडले गेले ते पाहावे. बहुतेकांना एसएमएस आणि एक मुख्य ॲप एवढेच पुरते. तिसरे ठेवायचे तर ते कोणासाठी, त्या माणसाचे नाव सांगता आले पाहिजे. जे नको असेल ते काढताना मात्र केवळ स्क्रीनवरची खूण दाबून 'अनइन्स्टॉल' करू नये, कारण त्याने ॲप जाते आणि खाते तसेच राहते. आपले नाव इतरांना तेथे दिसत राहते, लोक तेथे निरोप पाठवत राहतात आणि उत्तर आले नाही म्हणून रुसतात. आधी ॲपच्या सेटिंगमध्ये 'खाते' या भागात जावे, हवे ते फोटो बाहेर काढून घ्यावेत, 'खाते हटवा' निवडून आपला नंबर टाकावा, आणि त्यानंतरच ॲप फोनातून काढावे.